बाईंच्या कादंबरीनं घातलेला घोळ

आमच्या चष्म्याच्या दुकानात नंबर काढायचं काम बाई करतात. त्यांना सगळे बाईच म्हणतात. मालकही, गिऱ्हाइकंही, आणि पलीकडच्या औषधाच्या दुकानातला माणूसही. मी मागच्या खोलीत बसून काचा घासते आणि फ्रेममध्ये बसवते. मधल्या भिंतीला खिडकीएवढं भोक आहे, तिथून तयार चष्मे पुढे सरकवायचे. त्या भोकातून दुकानातला शब्द न् शब्द ऐकू येतो. त्यामुळे जे काही झालं त्यातलं बरंचसं मी कानांनी ऐकलंय आणि उरलेलं बाईंनी डब्यातला घास हातात तसाच धरून मला सांगितलंय.

बाईंनी एक कादंबरी लिहिली. मोठ्यांसाठी नाही, बारा ते पंधरा वयाच्या मुलांसाठी. तीन वर्षं लिहीत होत्या. आम्हाला पत्ताच नाही. दुपारी दुकान रिकामं असलं की त्या टेबलाशी मान खाली घालून काहीतरी खरडत बसायच्या, आणि मालकांना वाटायचं बाई मन लावून स्टॉक लिहून काढताहेत. एक दिवस छापील पुस्तकच काउंटरवर ठेवलं. मालकांनी मुखपृष्ठ पाहिलं, बाईंचं नाव पाहिलं, परत मुखपृष्ठ पाहिलं आणि म्हणाले, "स्टॉक राहिलाच की मग."

कादंबरी एका सैनिकाची. लढाईच्या काळातला अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, इतका बारीक की तुकडीत त्याला सगळे काडी म्हणतात. त्याचा जिवाभावाचा मित्र जाडजूड, म्हणून तो भोपळा. दोघं खंदकात असताना हल्ला होतो, भोपळ्याच्या पायाला लागतं आणि घाबरलेला काडी त्याला तिथेच टाकून पळतो. भोपळा जातो. लढाई संपते, काडी घरी येतो, लोक त्याला शूर म्हणून डोक्यावर घेतात आणि तो आतल्या आत कुढत राहतो. शेवटी तो भोपळ्याच्या आईच्या दारात जाऊन उभा राहतो, कडी वाजवतो, आतून पावलं ऐकू येतात, दार उघडतं. संपलं.

आता हे असं संपवायचं ही बाईंची मर्जी. पण त्या मर्जीनं आम्हा सगळ्यांचं डोकं उठवलं.

पुस्तक गावभर पसरायला फार वेळ लागला नाही. शाळांच्या वाचनालयांनी घेतलं, मुलांनी वाचलं, मुलांच्या हातून आईबापांनी ओढून घेतलं, आणि लिहिणारी बाई अमक्या दुकानात बसते हे कळल्यावर सगळे डोळे दुखताहेत म्हणून आमच्याकडे यायला लागले. एक म्हातारे गृहस्थ तपासणीच्या खुर्चीत बसले. बाईंनी भिंग लावलं. "खालची ओळ वाचा."

"ती राहू द्या हो. दार उघडल्यावर ती आई काय म्हणाली?"

"काका, ओळ वाचा."

"तिनं त्याला आत घेतलं का एवढंच सांगा. मी कुणाला सांगणार नाही."

"मलाच माहीत नाही!" बाई म्हणाल्या.

"असं कसं? तुम्हीच लिहिलंय ना?" गृहस्थांना वाटलं बाई मुद्दाम लपवताहेत. ते रागावून उठले आणि नंबर न काढताच गेले. मालकांनी एक लांब श्वास सोडला. तो श्वास मला भिंतीच्या भोकातून ऐकू आला.

प्रत्येकाचं वेगळंच. एका मुलीचे वडील भांडायला आले. त्यांची मुलगी भोपळा मेल्यापासून धड जेवत नव्हती. "लहान मुलांच्या पुस्तकात असं माणूस मारतात का?" बाई म्हणाल्या, लढाई आहे, लढाईत माणसं मरतात. ते म्हणाले, मरू देत, पण जरा कमी जाड्या आणि कमी गोड स्वभावाच्या माणसाला मारायचं होतंत. एका निवृत्त कारकुनांनी सांगितलं की पुस्तकातल्या बंदुका त्या काळातल्या नाहीत. बाईंनी पुस्तकभर बंदुकीचं नाव, जात, कूळ काहीही लिहिलेलं नव्हतं. तसं म्हटल्यावर ते म्हणाले, "तेच तर. लिहिलं असतंत तर चूक झालीच असती."

शाळांतून मुलांचे अभिप्राय यायचे. एकानं लिहिलं होतं, 'पुस्तक छान आहे. जाड आहे. मी अर्धं वाचलं.' दुसरीनं लिहिलं, 'भोपळा मेला ते चुकलंय. पुढच्या वेळी दुरुस्त करा.' बाई वाचायच्या, कपाळावर हात मारायच्या, पण नीट घडी करून पर्समध्ये ठेवायच्या. मुलांवर त्या कधी चिडल्या नाहीत. चिडायच्या त्या मोठ्यांवर. त्यातही एका प्रश्नावर त्यांचं टाळकंच सरकायचं. तो प्रश्न म्हणजे, "हे तुमच्या दादावरच लिहिलंय ना?"

बाईंचा दादा म्हणजे बाजाराच्या कोपऱ्यावर कुलपं-किल्ल्यांचं दुकान असलेला माणूस. उंच, हडकुळा, बोलणं असं की किल्ली बनवून हातात देताना "झाली" एवढंच म्हणेल. तरुणपणी तो लढाईवर गेला होता, तेव्हा बाई शाळेत खालच्या वर्गात. तो धडधाकट परत आला. पण लढाईबद्दल अवाक्षर काढलं नाही. ना वडिलांपाशी, ना बायकोपाशी. वडील मात्र ज्याला त्याला सांगत, आमचा पोरगा अगदी पुढच्या रांगेत होता, म्हणून तर बोलत नाही. ज्यांनी खरं पाहिलंय ते बोलत नसतात. दादा तेव्हाही गप्पच. त्या गप्पपणाभोवती घरच्यांनी हळूहळू एक शूरवीर उभा केला, आणि बाई त्या शूरवीराच्या सावलीत मोठ्या झाल्या.

"पण काडी म्हणजे दादा नाही," त्या मला पुन्हा पुन्हा सांगायच्या. "मी वाचनालयातली पुस्तकं वाचून खंदक उभा केलाय. दादानं मला एक वाक्यसुद्धा दिलेलं नाही. काडी मी बनवलाय, अगदी मुळापासून!"

हे कुणाला सांगून पटतंय? दादा हडकुळा, काडी हडकुळा. दादा बोलत नाही, काडी बोलत नाही. लोकांनी दोन आणि दोन मिळवून बावीस केले. पुस्तकाच्या सुरुवातीला 'सर्व पात्रे काल्पनिक आहेत' असं छापलेलं होतं, त्यानं तर आगीत तेलच ओतलं. औषधाच्या दुकानातला माणूस मला डोळा मारून म्हणाला, "असं छापावं लागतं तेव्हाच समजायचं, सगळं खरं आहे."

म्हणजे झालं काय? काडी मित्राला टाकून पळाला, म्हणून दादा मित्राला टाकून पळाला, हे गावात ठरून गेलं.

आधी दादाच्या दुकानात येणारे नुसते बघायचे. किल्ली घेताना दादाच्या हाताकडे बघायचे, जसा काही त्या हातावर डाग असेल. मग सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या बाकावर गडबड सुरू झाली. तिथे एक माजी सैनिक बसायचे, सगळे त्यांना कप्तान म्हणत. कप्तान आणि दादा रोज शेजारी बसून काही न बोलता समोरचं तळं बघत. एक दिवस दादा आला तसे कप्तान उठून पलीकडच्या बाकावर गेले. दादानं आधी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तो सरळ आमच्या दुकानात आला.

तो दुकानात आल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यानं चष्मा काढून काउंटरवर ठेवला, जणू दुरुस्तीला द्यायचाय, आणि म्हणाला, "काय लिहिलंयस तू?"

"तू वाचलं नाहीस?" बाईंनी विचारलं.

"मी कुणाला सोडून आलो?"

"अरे, तो तू नाहीस!"

"मग कोण?"

"कुणी नाही! खोटा माणूस आहे तो. मनातला!"

"कुणी नाही, तर मला का विचारतात?"

बाईंचा संयम संपला. "मला काय माहीत का विचारतात! मी दिवसभर सांगून सांगून घसा कोरडा करतेय. कुणाला ऐकायचंच नाहीये. तूच एकदा सांगून टाक ना खरं काय झालं ते. चाळीस वर्षं तोंडाला कुलूप लावून बसलायस, तर लोक आपापल्या किल्ल्या लावून बघणारच!"

 दादाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यानं चष्मा उचलून परत डोळ्यांवर चढवला आणि निघून गेला. त्या रविवारी तो बाईंकडे जेवायला आला नाही. दर रविवारी यायचा, आईवडील गेल्यापासूनचा रिवाज. पुढच्या रविवारीही नाही. वहिनी एकट्याच आल्या, भाजीचा डबा ठेवला आणि म्हणाल्या, "घरात नुसता येरझाऱ्या घालतोय. तुम्ही बहीणभाऊ काय ते मिटवा बाई, माझं डोकं फिरायची वेळ आलीय."

बाईंनी आपल्या परीनं मिटवायचा प्रयत्न केला. कप्तानांना गाठून सांगितलं. कप्तान म्हणाले, भाऊ आहे, तुम्ही पाठीशी घालणारच. स्थानिक वर्तमानपत्रात दोन ओळी छापून आणल्या, की कादंबरीचा लेखिकेच्या कुटुंबीयांशी संबंध नाही. त्या दोन ओळींमुळे ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांनाही माहीत झालं. "हातच छाटून टाकले पाहिजेत माझे," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, मग नंबर कोण काढणार? त्या हसल्याही नाहीत.

अशातच एका शाळेचं बोलावणं आलं. मुलांनी पुस्तक वाचलंय, लेखिकेशी गप्पा ठेवल्यात. भाषा शिकवणाऱ्या मॅडम फोनवर म्हणाल्या, "आणि तुमच्या भावालाही आणा ना. मुलांना खरा काडी बघायचाय."

बाईंनी फोन आपटायचाच बाकी ठेवला होता. त्याच संध्याकाळी त्यांनी वहिनींकडे ही गोष्ट संतापानं बोलून दाखवली. दादा आतल्या खोलीत होता. तिथूनच आवाज आला, "येतो मी."

"कशाला?" बाई ओरडल्या.

"बोलावलंय ना?"

बाईंच्या सोबतीला म्हणून मलाही जावं लागलं, त्यामुळे पुढचं मी डोळ्यांनी पाहिलंय. शाळेचा हॉल, वर कुरकुरणारा पंखा, खाली सतरंजीवर मुलं. बाईंनी बोलायला सुरुवात केली. पुस्तक कसं सुचतं, कसं लिहितात वगैरे. मुलं बाईंकडे बघतच नव्हती. सगळ्यांचे डोळे खुर्चीच्या कडेवर बसलेल्या दादावर. शेवटी पुढे बसलेली दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली आणि तिनं दादालाच विचारलं, "मित्राला सोडून पळालात ते तुम्हीच का?"

मॅडम कसनुशा हसल्या. बाई उठायला लागल्या. दादानं हातानं त्यांना खाली बसवलं.

"नाही," तो म्हणाला. "मी खंदकात नव्हतोच. मी कोठारात होतो."

"कोठार म्हणजे?"

"सामानाची खोली. बूट, ब्लँकेटं, पट्टे. लढाई माझ्यापासून दिवसभराच्या वाटेवर होती. मी बंदूक चालवली ती फक्त शिकताना. तीही वाईट."

काही मुलं हसली. बऱ्याच जणांचे चेहरे पडले. मी बाईंकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडंच होतं. सख्ख्या बहिणीला ही गोष्ट इतक्या मुलांच्या घोळक्यात पहिल्यांदा कळत होती.

मुलगी बसली नाही. "मग लढाईत तुम्ही काय केलं?"

"बूट दिले. नवे होते तोवर नवे. मग जुने."

"जुने कुणाचे?"

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. "बरं का मुलांनो, आता आपण..."

"ज्यांना आता लागणार नव्हते त्यांचे," दादा म्हणाला. "गोणीतून यायचे. मी चिखल काढायचो, आत कागद कोंबून वाळवायचो, नवी नाडी ओवायचो आणि फळीवर ठेवायचो. मग नवीन पोरं यायची, माप सांगायची. मी काढून द्यायचो." तो थांबला. मला वाटलं संपलं. पण तो पुन्हा बोलायला लागला, त्याच सपाट आवाजात. "एकदा एक जण आला, त्याच्या मापाचे नव्हते. मी एक नंबर मोठे दिले. म्हणाला, चालतंय, माझा पाय वाढेल अजून. खरंच वाढला असता. तेवढाच होता तो."

"मग?"

"मग काय? गेला."

"त्याचे बूट परत आले?"

"माहीत नाही. परत आलेले सगळे सारखेच दिसतात. मी बरेच दिवस त्या मापाचे बूट आले की आत हात घालून बघायचो, पुढे जागा राहिली म्हणून कुणी कागद कोंबलाय का. मग बघणं सोडून दिलं."

 त्या मुलीनं हळू विचारलं, "तुम्ही हे घरी का नाही सांगितलं?"

दादा म्हणाला, "कुणी विचारलंच नाही गं. मी घरी आलो तेव्हा मी काय केलं ते सगळ्यांना आधीच माहीत होतं."

तेवढ्यात मॅडम टाळी वाजवत पुढे झाल्या. "किती सुंदर! तर मुलांनो, यातून आपण काय बोध घ्यायचा?"

"काही घेऊ नका!" बाई ताडकन उभ्या राहिल्या. आवाज इतका चढला की मागचं दार उघडून शिपाई आत डोकावला. "काहीही घ्यायचं नाही. जरा वेळ नुसतं बसा सगळ्यांनी. मॅडम, तुम्हीपण बसा."

आणि मॅडम खरंच बसल्या.

परत येताना आम्ही तिघं चालत निघालो. बाई पुढे, दादा मागे, मध्ये मी.  शाळेचं फाटक ओलांडताच बाई गर्रकन वळल्या.

"मला का नाही सांगितलंस? तीन वर्षं, तीन वर्षं मी खंदक खणत बसले होते! चिखल, उंदीर, धूर, काय काय लिहिलं! आणि तू कोठारात!"

"चांगला खणलायस म्हणतात," दादा म्हणाला.

"म्हणतात? तू अजून वाचलं नाहीस?"

"नाही."

बाईंनी आकाशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डोळ्यांत पाणी आलेलं असताना त्याच्या खांद्यावर एक जोरदार चापट मारली. रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. दादानं खांदा चोळला आणि म्हणाला, "बाबा इतके खूष असायचे. त्यांना काय सांगायचं, मी बूट पुसत होतो म्हणून?"  बाई त्याच्या शेजारून चालायला लागल्या. मी दोन पावलं मागे राहिले.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी आमच्या गावचे लोक पाहिलेले नाहीत. मुलांनी घरी जाऊन सांगितलं आणि पळपुटा म्हणून तोंड फिरवणारे आता "कोठारात होते म्हणे, मजेत!" असं म्हणायला लागले. ज्यांचा खोट्या भित्र्या काडीवर जीव जडला होता, ते खऱ्या दादावर नाराज झाले. निवृत्त कारकुनांनी येऊन सांगितलं की कोठाराबद्दल लिहिलं असतंत तर बंदुकांची भानगडच उरली नसती. कप्तान मात्र बाकावर परत आले.  आणि एका सकाळी, तळ्याकडे बघत म्हणाले, "माझे बूट फार चांगले होते." एवढंच. दादानं ते घरी येऊन सांगितलं, आणि वहिनींच्या म्हणण्यानुसार त्या दिवशी तो दोनदा जेवला.

दादानं कादंबरी वाचली ती त्यानंतर. बाई त्याचं मत ऐकायला कानात प्राण आणून बसल्या होत्या. तो म्हणाला, "लांबलीय जरा. आणि इतकी माणसं इतकी चालतात, पण बूट कुणालाच चावत नाही." बाई दुसऱ्या दिवशी दुकानात ते वाक्य दहा वेळा म्हणाल्या, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त चिडून.

आता शाळांतून बोलावणी येतात ती दादाला. बाई त्याला स्कूटरवरून सोडतात आणि मागच्या खुर्चीत बसून राहतात. एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांना विचारलं, "आपण कोण?" "मी यांना घेऊन आलेय," बाई म्हणाल्या. पुस्तकाचा विषयही निघाला नाही.

आणि दादा बोलतो. इतका बोलतो, की विचारू नका. किल्ली घ्यायला आलेल्या माणसाला ब्लँकेटांच्या घड्यांचे प्रकार ऐकावे लागतात. मागच्या महिन्यात वहिनी नवा चष्मा करायला आल्या, तेव्हा नंबर काढून झाल्यावर म्हणाल्या, "डोळ्यांचं झालं. कानांसाठी काही आहे का तुमच्याकडे? इतकी वर्षं हा बोलत नाही म्हणून रडत होते. आता आंघोळीला गेला तरी आतून बोलतोय."

रविवारची जेवणं पुन्हा सुरू झालीत. दादा ताटावर बसल्यापासून सुरू होतो, ते हात वाळले तरी चालूच. बाई समोर बसून ऐकतात. मधूनमधून प्रश्न विचारतात, आणि तो भलतंच उत्तर देतो.

"मग आता कोठारावर लिहिताय का?" मी परवा विचारलं.

"आधी त्याचं सांगून संपू दे," बाई म्हणाल्या. "पण हा माणूस संपवेल तर शपथ."